गोव्याच्या हवेला जमेल अशी मसाज मेणबत्ती

मसाज मेणबत्तीत मेण असतं ते जेमतेम निम्मं. बाकी सगळं तेल आणि बटर, म्हणजे बियांतून निघणारा घट्ट स्निग्धांश. वात पेटवली की वरचा थर वितळतो. मग ज्योत विझवायची, जरा थांबायचं आणि तो कोमट द्रव तळहातावर ओतून अंगाला चोळायचा. सामान फार लागत नाही आणि हात बसला की तासाभरात दोन डब्या ओतून होतात. अडतं ते एकाच ठिकाणी, घट्टपणाशी. मेण जास्त झालं तर अंगावर ओतल्या ओतल्या त्याची पांढुरकी पापडी धरते आणि हात पुढे सरकत नाही. तेल जास्त झालं तर मेणबत्ती डबीतच लिबलिबीत राहते, वात कलते आणि ज्योत तेलात बुडून विझते.

गोव्यात हा त्रास जरा जास्तच होतो. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक प्रमाणं थंड देशांतली आहेत. तिथे घरात २० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि खोबरेल बरणीत गोठलेलंच असतं, कारण ते वितळतं साधारण २४ अंशांना. आपल्याकडे पणजीत राहा किंवा वाळपईत, वर्षातले बहुतेक दिवस खोबरेल पातळच असतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काय ते थिजतं. म्हणजे ज्या कृतीत खोबरेल घट्ट घटक म्हणून धरलेलं असतं, ती आपण जशीच्या तशी केली तर प्रत्यक्षात पातळ तेलच वाढवतो. म्हणून माझा आग्रह असा की प्रमाण पाठ करू नका. मिश्रण तुमच्या घरातल्या हवेत कसं बसतं ते बघा आणि मग ठरवा. आणि घट्टपणासाठी परदेशी शिया बटर (आफ्रिकेतल्या शियाच्या बियांचं) मागवण्याआधी आपल्या कोकमाकडे बघा.

कोकमाचं तेल, म्हणजेच भिरंडेल

कोकमाच्या बियांतून निघणारं हे तेल नावालाच तेल. एरवी ते घट्ट गोळा असतं, नखाने खरवडलं तर भुगा पडतो. ते वितळायला ४० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. कोको बटर ३४ ते ३८ अंशांत वितळतं, शिया बटर त्याच सुमारास किंवा थोडं आधीच मऊ पडतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पारा ३३-३४ वर जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत आणखी वर. अशा खोलीत शियाची मेणबत्ती घाम सोडते, कोकमाची ताठ उभी राहते. आपल्या आज्ज्या टाचांच्या भेगांना भिरंडेल लावत आल्या, त्यामुळे त्वचेला त्याची ओळखही जुनी आहे.

मिळतं कुठे? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, किंवा पावसाआधी पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, बाजार भरतो तेव्हा कोकमाची सोलं आणि आगळ (कोकमाचा रस) विकायला बसलेल्या बायकांकडे विचारून बघा. स्वतः आणलं नसेल तर कुणाच्या घरी आहे ते त्या सांगतात. सत्तरी, पेडणे, सांगे या भागात कुणाची ओळख असेल तर सोपंच. सिंधुदुर्गात सावंतवाडी-कुडाळकडे मुठेल म्हणून मागा. शुद्ध केलेलं पांढरं, वास नसलेलं कोकम बटर ऑनलाइनही मिळतं आणि पहिल्या खेपेला तेच घेतलं तरी चालेल.

घरगुती गोळा घेतलात तर मात्र एक काम आधी करायचं, आणि ते टाळायचं नाही. घरी हे तेल काढताना बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगलेला स्निग्धांश गार झाल्यावर काढून त्याचे गोळे वळतात. त्या गोळ्यात थोडं पाणी आणि बियांचा बारीक चोथा राहून जातो. पाणी राहिलेलं तेल मेणबत्तीत गेलं की वात तडतडते, कधी थेंब उडतो, आणि साठवणीत खवट वासही लवकर येतो. म्हणून गोळा जाड बुडाच्या लहान पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर कढवायचा. लोणी कढवून तूप करतो तसंच हे. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, तडतड ऐकू येते, वर करडा फेस जमतो. हळूहळू आवाज थांबतो, फेस विरळ होतो आणि खाली पिवळसर, पारदर्शक तेल दिसायला लागतं. आवाज पूर्ण थांबला की लगेच आच बंद. पुढे तापवत ठेवलं तर करपट वास येतो आणि तो कुठल्याही सुगंधाने झाकला जात नाही. मग दुहेरी मलमलीतून कोरड्या वाटीत गाळून घ्या. तळाशी उरलेला गाळ ओतू नका.

मेण कुठलं घ्यायचं

सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, घ्या आणि घेताना ते डबीत ओतायच्या मेणबत्तीसाठीचं आहे ना, हे विचारून घ्या. सोया वॅक्सचा एक कडक प्रकार असतो, तो साच्यातून काढून उभ्या करायच्या मेणबत्त्यांसाठी. आपल्याला नको. मऊ प्रकार साधारण ४५ ते ५२ अंशांत वितळतो आणि आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण तेल आणि बटर मिसळल्यावर वितळायचं तापमान आणखी खाली येतं. काही सोया वॅक्समध्ये पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, मिसळलेलं असतं. पाकिटावर तसं लिहिलंय का, ते वाचा.

म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्तात (चर्चच्या जत्रेत) किंवा चर्चबाहेर मिळणाऱ्या मेणबत्त्या वितळवून वापरता येतील का, हा प्रश्न इथे हमखास येतो. नाही. त्या बहुतेक पॅराफिनच्या असतात, बऱ्याच जास्त उष्णतेला वितळतात आणि त्यांतले रंग किंवा वास अंगाला लावण्यासाठी बनवलेले नसतात. त्या देवापुढेच लावाव्यात. मधमाश्यांचं मेण चांगलं, पण ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून एकटं वापरायचं नाही. ऐन उन्हाळ्यात थोडा ताठपणा हवा असेल तर एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत घाला, त्याहून जास्त नको.

तेल आणि वास

खोबरेल घाण्याचं असेल तर उत्तमच, पण त्याला स्वतःचा वास असतो आणि तो मेणबत्तीत उतरतो. मला तो आवडतो. ज्यांना नको त्यांनी शुद्ध केलेलं घ्यावं. जोडीला बदामाचं किंवा तिळाचं तेल. खोबरेल एकटं घातलं तर अंगावर लवकर मुरतं आणि मालिश अर्ध्यावर कोरडी पडते, बदाम किंवा तीळ हाताला जास्त वेळ घसर देतात. ज्याला मालिश करायची त्याला सुक्या मेव्याची किंवा तिळाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचाराच.

वासासाठी एसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींचं सुगंधी अर्कतेल, एकूण वजनाच्या १ टक्का पुरे. २०० ग्रॅमला २ ग्रॅम. लव्हेंडर, जिरॅनियम, वाळा, चंदन यांपैकी काहीही चालेल. दालचिनी आणि लवंग त्वचेला झोंबतात, ती टाळा. लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) यांची सालीतून दाबून काढलेली तेलं अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, डाग राहतात. रात्री मालिश आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर, हा बेत गोव्यात नेहमीचाच, म्हणून ही दोन तेलं मी मसाजच्या मेणबत्तीत घालतच नाही. खोलीत दरवळ करायच्या डिफ्यूझरची तेलं आणि बाजारातली स्वस्त अत्तरं अंगासाठी नसतात. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वास अजिबात नको, साधी मेणबत्तीच चांगली.

परसातल्या जायांची फुलं, ताजी कोरफड, गुलाबपाणी असलं काही घालायचा मोह होतो. घालू नका. पाणी आलं की बुरशी आली, आणि पेटवल्यावर तडतड आलीच.

प्रमाण

सगळं वजनाने घ्यायचं, वाटीने नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो. एकूण २०० ग्रॅमचा हिशेब देते.

पावसाळ्यात आणि एरवीच्या मध्यम हवेत सोया वॅक्स १०० ग्रॅम, कोकम तेल ४० ग्रॅम, खोबरेल ३० ग्रॅम, बदाम किंवा तीळ २७ ग्रॅम, व्हिटॅमिन ई १ ग्रॅम आणि वासाचं तेल २ ग्रॅम. व्हिटॅमिन ई मुळे तेलं लवकर खवट होत नाहीत. सुटं मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातल्या ४०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल टोचून पिळल्या तरी काम भागतं.

मार्च ते मे या दिवसांत सोया ११० आणि कोकम ५० करा, खोबरेल १७ वर आणि बदाम २० वर आणा. थंडीत उलट: सोया ९०, कोकम ३६, खोबरेल ३६, बदाम ३५. व्हिटॅमिन ई आणि वास तेवढाच. खोली सतत एसीत असेल तर उन्हाळ्यातही थंडीचंच प्रमाण धरा.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. सोया वॅक्स कंपनीगणिक बदलतं, घरगुती कोकम तेल गोळ्यागणिक बदलतं. खरं प्रमाण ठरतं ते पुढच्या बशीच्या चाचणीत.

डबी आणि वात

१०० मिलीच्या अॅल्युमिनियमच्या पन्हाळीवाल्या डब्या मिळतात, त्या सोयीच्या. चिनी मातीचा लहान दुधाचा जगही चालतो, चोच असल्यामुळे ओतायला बरा. साधा काचेचा पेला नको, उष्णतेने तडकू शकतो. प्लास्टिक तर नकोच. ज्यात ओतणार ते भांडं खडखडीत कोरडं हवं. पावसाळ्यात आपल्याकडे धुतलेलं भांडं पुसूनही दमट राहतं, म्हणून उन्हात किंवा गॅसच्या उबेजवळ वाळवून घ्या.

वात सुती, मेण लावलेली आणि पत्र्याच्या चकतीत बसवलेली मिळते, तीच घ्या. देवघरातली फुलवात किंवा कापसाची वळलेली वात इथे उपयोगाची नाही, ती भरपूर तेल ओढते, ज्योत मोठी होते आणि तेल हवं त्यापेक्षा जास्त तापतं. डबीचा व्यास ५ ते ६ सेंटीमीटर असेल तर विकणाऱ्याला तो व्यास सांगून सोयासाठीची वात मागा. चकती तळाशी वितळलेल्या मेणाच्या थेंबाने चिकटवा आणि वात मधोमध उभी राहावी म्हणून डबीवर दोन आइसक्रीमच्या काड्यांमध्ये ती पकडून ठेवा.

आता प्रत्यक्ष

मोठ्या पातेल्यात दोन-तीन बोटं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. त्यात स्टीलचं लहान भांडं बसवा, तळाशी जुनी ताटली टाकली तर ते थेट बुडाला टेकत नाही. पाणी भांड्यात उडता कामा नये, म्हणून खळखळ उकळी नको. सोया वॅक्स आणि कढवलेलं कोकम तेल एकत्र टाका. थर्मामीटर ७५ अंश दाखवेपर्यंत तापवा आणि सगळं पारदर्शक झालं की आच बंद करा. मेण वितळत असताना ओट्याजवळून हलू नका. चुकून पेट घेतलाच तर पाणी कधीच ओतू नका. गॅस बंद करून वरून झाकण ठेवायचं.

भांडं बाहेर काढून त्यात खोबरेल आणि बदामाचं तेल घाला, हळू ढवळा. तापमान ६० च्या आसपास उतरेल. वास अजून घालायचा नाही. आधी चाचणी.

एक चमचा मिश्रण चिनी मातीच्या बशीत घाला आणि पंख्याखाली न ठेवता खोलीत तसंच अर्धा तास राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण फ्रिजमध्ये काहीही घट्ट होतं आणि त्यातून काही कळत नाही. गार झालं की बोटाने दाबा. खोलगट खूण उमटली पाहिजे, पण बोटाला तेल लागता कामा नये. मग त्यातला वाटाण्याएवढा तुकडा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळा. चांगलं मिश्रण दहा-बारा सेकंदांत विरघळतं आणि हात एकमेकांवरून सरकायला लागतात. तुकडा आधी चुरडला, मग कण कण होऊन तळहाताच्या रेषांत बसला, तर मेण जास्त झालंय. बोट लागताच तुकडा पसरला आणि बशीच्या कडेला तेलाची रेघ सुटली, तर तेल जास्त.

दुरुस्ती सोपी आहे. भांडं पुन्हा गरम पाण्यात ठेवून मेण जास्त झालं असेल तर दर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम बदाम तेल घाला. तेल जास्त असेल तर ५ ग्रॅम सोया किंवा कोकम तेल. यातलं काय निवडायचं? मिश्रण मऊ आहे पण तळहातावर छान विरघळतंय तर कोकम घाला. मऊही आहे आणि चिकटही वाटतंय तर सोया. पुन्हा बशीत चमचाभर, पुन्हा अर्धा तास. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, पण एकदा डबीत ओतल्यावर वात उपटून, डबी पुसून सगळं परत करण्यापेक्षा ही बरी. जमलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवा, त्या दिवशीच्या खोलीतल्या तापमानासकट.

मिश्रण पसंत पडलं की भांडं पुन्हा गरम पाण्यात ठेवून सगळं वितळवा आणि ६० अंशांच्या थोडं खाली असताना व्हिटॅमिन ई आणि वासाचं तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरात घुसळलं तर हवा शिरते आणि वर खड्डे पडतात. ५० ते ५५ अंशांवर, भांड्याच्या कडेला मिश्रण किंचित दुधाळ दिसायला लागलं की डबीत ओता, वर बोटभर जागा सोडून. २०० ग्रॅममध्ये १०० मिलीच्या दोन डब्या भरून थोडं उरतं, ते लहान वाटीत घाला.

थंड होताना पृष्ठभाग रवाळ झाला तर ते बटर फार सावकाश थिजल्याचं लक्षण. शियाच्या बाबतीत हे जास्त होतं, कोकमात कमी. वापरायला त्याने काही बिघडत नाही, पण नकोच असेल तर पुन्हा वितळवून थोड्या कमी तापमानाला ओता आणि डबी गार पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी डबीच्या निम्म्यापर्यंतच. दोन दिवस झाकून ठेवल्याशिवाय पेटवू नका, तेवढ्यात मिश्रण नीट बसतं.

पेटवून बघणं

वात ५ मिलिमीटर उरेल इतकी कापा आणि पंखा बंद करून पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत वितळलेलं तळं डबीच्या कडेपर्यंत पोचायला हवं. मधेच खड्डा करून ज्योत खाली चालली असेल तर वात बारीक आहे. ज्योत धूर सोडत असेल, डबी हातात धरवत नसेल तर वात जाड आहे. घट्टपणा जमला असूनही वात चुकली तर मेणबत्ती फसते, म्हणून दोन मापांच्या वाती आणून ठेवा.

ज्योत विझवा, धूर जाऊ द्या. पेटती मेणबत्ती अंगावर कधीही ओतायची नाही. तेल ४५ अंशांखाली आलं की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं घालून बघा. इथेच शेवटची परीक्षा होते. थेंब पसरतो, त्याची चमक तशीच राहते आणि अंगठ्याने चोळलं की कोपरापर्यंत अडखळ न होता जातो, तर मेणबत्ती जमली. थेंबाची कड काही सेकंदांत पांढरट झाली आणि चोळताना त्वचा ओढल्यासारखी वाटली, तर पुढच्या खेपेला सोया ५ टक्के कमी करा. एसीच्या खोलीत अंग गार असतं, तिथे ही पापडी आधी दिसते.

मालिश करताना तेल तळहातावर घ्या आणि मग अंगाला लावा. चेहरा, जखम, पुरळ, नुकतं दाढी किंवा वॅक्सिंग केलेली जागा सोडून. खाली जुना पंचा अंथरा. मालिशीनंतर गुळगुळीत लादीवर तेलकट पायांनी चालू नका, विशेषतः वयस्कर माणसांनी.

साठवण

झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. गाडीत ठेवू नका, बंद गाडीत दुपारी कुठलीही मसाज मेणबत्ती वितळते. उन्हाळ्यात वर तेलाचे थेंब आले तर कोरड्या कागदाने टिपा, मेणबत्ती खराब झालेली नसते. पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढली की दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं, म्हणून तेव्हा फ्रिज टाळाच. सहा महिन्यांत संपवा. खवट वास आला तर अंगाला लावू नका.

भेट म्हणून द्यायच्या तर डबीवर सगळे घटक आणि तारीख लिहून चिकटवा. विकायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: अंगाला लावायची वस्तू कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार ती विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. गोव्यात त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, आणि ती पहिली डबी विकायच्या आधी.

तळाशी सेंटीमीटरभर उरलं की पेटवणं थांबवा, त्यापुढे डबीचं बूड तापतं. उरलेलं चमच्याने खरवडून बाटलीत भरा आणि रात्री टाचांना लावा.